जिनिंगमधले तीन अणू

कुणाचं कुणाशी बिनसलं अशी बातमी स्टाफरूममध्ये आली की आमच्या सरांचा एकच प्रश्न ठरलेला असे, "तिसरा कोन?"

एकदा प्राचार्य आणि हेडक्लार्क यांचं बोलणं बंद झालं. सगळं कॉलेज दोन तट पाडून ते चघळत बसलं. सर भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "दोघाईचं भांडन येवढे दिवस टिकत नसते. तिसरा कोन आहे थो पाहा." पंधरा दिवसांनी फुटलं, की प्राचार्यांच्या मेहुण्याला ग्रंथालयात चिकटवायचं होतं आणि क्लार्कने ती फाईल कपाटात दाबून ठेवली होती. मेहुणा राहायला अकोल्याला, त्याने आमच्या कॉलेजची पायरीसुद्धा पाहिली नव्हती. सरांना हे सांगितलं तर ते नुसते "हाव" म्हणाले आणि हात धुवायला गेले.

लोकांना वाटे, माणूस वरून भोळा पण आतून मोठा बिलंदर आहे. बिलंदरपणाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. तिसरा हा त्यांचा विषयच होता. वायू इतका थंड करायचा की त्याहून थंड काही असूच शकत नाही, अशा टोकाला न्यायचा. तिथे अणू जवळपास थबकतात. मग दोन अणू एकमेकांसमोर आले तर काय होतं आणि तीन आले तर काय होतं, हे पाहायचं. दोघं आले तर रामराम करून आपापल्या वाटेने जातात, एकमेकांना धरत नाहीत. तिसरा आला की तिघं एकमेकांत अडकतात. त्यातला कुठलाही एक काढून घ्या, उरलेले दोघं लगेच मोकळे. तिसरा जवळ असायलाच हवा असंही नाही, बराच लांब असला तरी चालतं. हे जगात इतरांना माहीत होतं. सर बसले होते ते त्याचा हिशोब मांडत, कुठल्या अणूंचं कुठल्या आकड्यावर काय होईल याचा. अणू खरोखर थंड करायची यंत्रं दूरच्या मोठ्या संस्थांत. सरांकडे पेन्सिल, परीक्षेतून उरलेल्या पुरवण्या आणि एक कॉम्प्युटर.

मी त्या विभागातली दुसरी. विभागात माणसं दोनच. मी धाड गावची. कॉलेज संग्रामपूरच्या अलीकडच्या एका गावात होतं, तिथेच खोली घेऊन राहायची, शनिवारी दुपारची एसटी धरून घरी जायची आणि सोमवारी पहाटे परत निघायची. नोकरी तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवाल तितकेच तुमचे. सुट्टी लागली की मी कुणाचीच नव्हते. सर मला 'बाई' म्हणायचे, वयाने मुलीसारखी असूनही कधी अरेतुरे केलं नाही.

आमची खोली टिनाच्या छपराखाली. एप्रिल-मेमध्ये त्या खोलीत बसणं म्हणजे भट्टीत बसणं. जगातल्या सगळ्यात थंड गोष्टीचा हिशोब जिल्ह्यातल्या सगळ्यात तापलेल्या खोलीत चालायचा. कूलर एकच होता आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे. मी एकदा तो आमच्याकडे वळवला, तर सरांनी उठून परत फिरवला. "तुमाले घाम येते तं पुसता येते बाई. त्याले नाही पुसता येत." वर त्यांनी स्वतःचा ओला पंचा मला देऊ केला. मी काही तो घेतला नाही.

त्यांच्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात फ्लॉपी असायच्या, धूळ आणि मुंग्या लागू नयेत म्हणून. भाकरी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून. नवा शिपाई आला त्याने पहिल्याच दिवशी मोठ्या भक्तीने डबा धुवून ठेवला. सहा महिन्यांचं काम त्यात गेलं. सर दुपारभर पाय पोटाशी घेऊन खुर्चीत बसून राहिले आणि संध्याकाळी त्याच शिपायाला म्हणाले, "घासला मात्र मस्त."

विद्यार्थ्यांची सहल लोणारला नेली होती. पोरं सरोवराच्या काठावर उभी राहून आ वासून बघत होती, गाईड उल्केचं वजन सांगत होता. सर पाठ फिरवून एका बाभळीखाली बसले आणि पुरवणी काढून लिहायला लागले. मी म्हटलं, "सर, जगभरातून लोक बघायला येतात हे." ते म्हणाले, "याच्यात काय पाहाचं? एक थो दगड अन् एक हे पृथ्वी. दोनच जन होते."

आता विजेचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. त्या वर्षांत आमच्याकडे दिवसातून दहा-बारा तास लाईट जायची. सरांचा प्रोग्राम एकदा लावला की सलग चालायला लागायचा. मध्ये लाईट गेली की मागचं पुसलं, पुन्हा पहिल्यापासून. असं चाळीस-पन्नास वेळा झाल्यावर सर एके दिवशी कॉम्प्युटर पोत्यात बांधून सायकल रिक्षात घालून जिनिंगवर गेले. मी बरोबर होते, मॉनिटर माझ्या मांडीवर.

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. त्याचा मालक सरांचा शाळासोबती, मुसलमान, घरात आज्यापासून रुईचा व्यापार. गाव त्याला शेठ म्हणायचं, सर 'अबे' म्हणायचे.

"अबे, तुह्या इथं लाईट जात नाही ना?"

"सीझन चालू हाय तवर नाही जात. जनरेटर हाय. काऊन?"

"माह्ये तीन अणू ठेवाचे आहेत."

शेठने पोत्याकडे पाहिलं. "खातेत काय थे?"

"लाईट."

"मंग ठेव बे. येवढा कापूस खाऊन राह्यल्या मशिनी, तुह्ये तीन काय जड हायत मले."

अशी सोय झाली. दसऱ्याला पहिला कापूस आला की कॉम्प्युटर जिनिंगच्या वजनकाट्याच्या खोलीत जायचा आणि सीझन संपला की पोत्यात बसून परत यायचा. खोलीत सगळीकडे रुईचे तंतू तरंगायचे. सर दर तासाला रंगाच्या कुंचल्याने मशीन झटकायचे. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. रांगेत ताटकळलेली माणसं खिडकीतून डोकवायची. एका म्हाताऱ्याने विचारलं, "मास्तर, काय मोजून राह्यले?"

"तीन जन आहेत. संग राहतात का सुटतात, थे पाहून राह्यलो."

म्हाताऱ्याने गंभीरपणे विचार केला. "वाटनी झाली काय त्याईची?"

"अजून नाही."

"मंग राहतीन."

सरांनी ते वाक्य पुरवणीच्या समासात लिहून ठेवलं होतं. मी स्वतः पाहिलंय.

बीटी कापूस नवा आला तेव्हाची पहिली एक-दोन वर्षं मोठी झोकात गेली. बोंडं वजनदार, रांग पार एसटी स्टँडपर्यंत, जिनिंग होळीनंतरही चालू. सरांचा हिशोब त्या काळात जेवढा पुढे गेला तेवढा आधीच्या दहा वर्षांत गेला नव्हता. कापूस चांगला पिकला की सरांचं संशोधन पिकायचं, असं मी थट्टेने म्हणायचे. पुढे थट्टा करायची सोय राहिली नाही. पाऊस दगा द्यायला लागला, लाल्या पडून उभी झाडं तांबडी व्हायला लागली. बीटीला फवारणी लागत नाही असं सांगून बियाणं विकलं होतं, पण बोंडअळी नसली तरी मावा-तुडतुडे होतेच. माझे बाबा दुसऱ्यांच्या शेतात फवारणीला जायचे. एका हंगामात वारा उलटा फिरला आणि औषध तोंडावर आलं. आधी डोळे नुसते चुरचुरत होते, मग अंधुक दिसायला लागलं, मग माणूस आवाजावरून ओळखायला लागले. आईचे गुडघे गेलेले. घरात मिळवणारी मी, तीही तासिका तत्त्वावर.

वर्गात हजेरी घेताना एखादा नंबर गप्प राहिला की सर विचारायचे, "काऊन नाही आला?" मागून कुणीतरी सांगे, "सर, त्याच्या घरी झालं." काय झालं ते विचारावं लागत नसे. त्या दोन-तीन वर्षांत 'झालं' या शब्दाला एकच अर्थ उरला होता. सर तास संपवून त्या घरी जायचे, सायकलने, दहा-बारा किलोमीटरवरचं गाव असलं तरी. ओट्यावर बसायचे, दिलेलं पाणी प्यायचे, यायचे. आयुष्यभर दर भांडणाला जो प्रश्न विचारला तो त्या ओट्यांवर त्यांनी एकदाही विचारला नाही. एका घरी मीही बरोबर होते. तिथे, गेलेल्या माणसाच्या भावाने त्यांचा हात धरला. "मास्तर, तुमी हिशोबाचे मानूस. कर्ज नोतं, पोरीचं लग्न झालं होतं. सांगा, काऊन केलं असीन त्यानं?"

सरांनी हात सोडवून घेतला नाही. मग म्हणाले, "मले तिघाईचंच येते भाऊ. इथं लय जन आहेत." परतताना सायकल हातात धरून चालत आले, बसले नाहीत. मी मागून चालत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

त्या वर्षी जिनिंगसमोर रांग अशी लागलीच नाही. दिवसाला चार-पाच गाड्या यायच्या. शेठ काट्याच्या खोलीत येऊन बसायचा आणि म्हणायचा, "मास्तर, संक्रांतीपर्यंत काढीन मी. पुढचं सांगता येत नाही." सरांना घाई करावी लागली.

इथे त्यांची पेटी समजून घ्यायला हवी. अणूंना खरं तर अफाट जागा असते, पण कॉम्प्युटरला अफाट जागा देता येत नाही. म्हणून त्यांच्याभोवती कल्पनेने एक पेटी धरायची, चारी बाजूंनी भिंती असलेली, आणि त्या पेटीत हिशोब करायचा. पेटी जितकी मोठी तितकं उत्तर भरवशाचं आणि तितके जास्त दिवस मशीन चालायला हवं. सरांचा दंडक होता, की एकच हिशोब निदान तीन पेट्यांत करायचा, प्रत्येक पेटी आधीच्या दुप्पट. तिन्हींत आकडा जागचा हलला नाही, तरच तो अणूंचा. हलला, तर तो भिंतीचा.

त्या वर्षी दोनच पेट्या झाल्या. सीझन लवकर संपणार म्हणून सरांनी दोन्ही लहान धरल्या, आणि दुसरी पहिलीच्या दुप्पट न धरता थोडीशीच मोठी. दोन्हींत एका जागी, जिथे कुणाची अपेक्षा नव्हती अशा आकड्यावर, तिघं अणू काही काळ एकमेकांत गुंतून राहताना दिसले. दोन्हींत आकडा जवळपास तोच. सर खोलीत गोल गोल फिरले. त्यांनी शेठला बोलावून पडद्यावर दाखवलं. शेठने चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाला, "माशाल्ला. आता याईचं पेटंट काढ." संक्रांतीच्या चार दिवस आधी सरकी काढायचे रेचे बंद झाले.

"तिसरी पेटी पुढच्या दसऱ्याले," सर म्हणाले.

त्याच महिन्यात आमच्या विभागातल्या कायम जागेची जाहिरात आली. मुलाखतीला छापलेला लेख हवा. माझ्याकडे एकही नव्हता. मी सरांना म्हटलं, "सर, आकडा दोन्हींत आलाच आहे ना? पाठवू या." ते नको म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या दिवशी मी बाबांचं नाव काढलं. ते मला काढायचं नव्हतं, पण काढलं. सर उठले, लेख टाईप करायला बसले आणि लेखकांत माझं नाव आधी घातलं. मासिकाकडून लेख तपासणाऱ्याने विचारलं होतं, पेटी बदलून पाहिली का? आम्ही लिहिलं, दोन पेट्यांत पडताळलं आहे. त्यात खोटं काही नव्हतं.

लेख छापून आला, जागा मला मिळाली. कॉलेजने दोघांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. सरांनी नारळ तिथेच फोडून पोरांना वाटला. पगार सुरू झाल्यावर मी आधी बाबांना औरंगाबादला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, उपयोग झाला नाही. मग मी सरांसाठी नवा कॉम्प्युटर आणि त्याच्यासोबत मोठा इन्व्हर्टर घेतला. पुढच्या दसऱ्याला जिनिंग उघडलंच नव्हतं. शेठने रेचे भंगारात काढले होते आणि तो जालन्याला पोराकडे निघून गेला होता. मला वाटलं, निदान तिसऱ्या पेटीवाचून सर अडायला नकोत. किती आनंदाने ते खोकं मी त्यांच्यासमोर उघडलं होतं! सरांनी कुंचला आणून नव्या कोऱ्या मशीनवरची नसलेली धूळ झटकली.

तिसरी पेटी लावल्यापासून मशीन तीन आठवडे चालू होतं. मी सोमवारी धाडहून आले तर सर आधीच खोलीत होते. टेबलावर आलेखाचा कागद. त्यांनी तिसरीवर न थांबता लहान-मोठ्या आणखी चार पेट्या लावून पाहिल्या होत्या. पेटी मोठी होत गेली तसा आमचा आकडा खाली घसरत गेला होता, आणि सगळ्यात मोठ्या पेटीत तो शून्याला जाऊन टेकला होता. मी भौतिकशास्त्र शिकवते, मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी सरांनी सांगितलं.

"भिंतीनं कोंडले होते बाई थे. आपल्याले वाटलं, एकमेकाले धरून आहेत."

मी खुर्चीत बसले. सर म्हणाले, "मासिकाले पत्र लिहा लागीन. आपली चूक आहे म्हनून."

"सर, माझं प्रोबेशन आहे दोन वर्षांचं," मी म्हणाले. "त्या एका लेखावर जागा मिळालीय. तो खोटा निघाला तर मान्यता काढून घेतील."

"खोटा नाही. चुकला."

"त्यांना फरक कळणार आहे का? सर, दोन वर्षं थांबा. कायम झाले की मीच लिहिते. घरी मी सोडून कुणी नाही हो."

सर आलेखाकडे पाहत होते. मी त्यांच्या पाया पडले. कधी कुणाच्या अशी पाया पडले नव्हते, तेव्हा पडले. ते दचकून मागे सरकले आणि म्हणाले, "उठा. थांबतो."

आणि ते थांबले. नुसतं पत्र थांबलं नाही, माणूसच थांबला. नव्या मशीनवर त्यांनी प्लास्टिकचं आवरण घातलं ते पुन्हा काढलं नाही. मी म्हणायचे, दुसरे अणू घेऊ, दुसरा हिशोब मांडू. ते म्हणायचे, "मांडू." तासाला जायचे, फळा पुसायचे, सही करायचे, घरी जायचे. स्टाफरूममधल्या भांडणांत आता ते काही विचारत नसत. डब्यात भाकरी आणायला लागले होते. तो डबा मला रोज दिसायचा, पण मी कधी पत्राचा विषय काढला नाही. मधल्या काळात ते निवृत्त झाले आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, भावाच्या गावी राहायला गेले. लग्न केलेलं नव्हतं. निरोप समारंभात मी भाषण केलं. अशा प्रामाणिक माणसाचा सहवास मिळाला हे भाग्य, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. सर खाली मान घालून बसले होते.

माझा कायम झाल्याचा आदेश आला तेव्हा मी त्यांना कळवलं नाही. कुणाकडून तरी त्यांना समजलं असावं. वर्षभर वाट पाहून ते एका दुपारी विभागात आले, उन्हातून, एसटीने. खूप वाळले होते. पिशवीतून त्यांनी पत्र काढलं. स्वतःच्या अक्षरात, पेनाने लिहिलेलं, एकाच पानाचं. कुठल्या पेटीत कुठला आकडा आला ते सगळं, आणि शेवटी, हा निष्कर्ष आम्ही मागे घेत आहोत. खाली त्यांची सही झालेली. दुसऱ्या सहीची जागा रिकामी.

"तुमी दोन वर्षं म्हनलं होतं बाई. तीन झाले."

"हो सर."

"मंग करा."

मी पत्र वाचल्यासारखं केलं. त्या वर्षी माझी बढतीची फाईल गेली होती, त्या फाईलला तोच लेख जोडलेला होता. मी म्हटलं, "सर, ठेवून जा. सावकाश बघते."

सर उभेच होते. पाणी दिलं ते प्यायले नाहीत. "कुठी तरी कोनी पोरगं आपला आकडा धरून बसलं असीन," ते म्हणाले. "त्याचे वर्षं चालले."

"बघते म्हटलं ना सर." माझा आवाज चढला. सरांशी तसं मी कधीच बोलले नव्हते.

ते गेले. खिडकीतून मी त्यांना गेटपर्यंत जाताना पाहिलं. हाक मारावी असं वाटलं आणि मी मारली नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना कावीळ झाली, भावाने तालुक्याला आणेपर्यंत उशीर झाला. मी अंत्यविधीला गेले होते. त्यांचा भाऊ म्हणाला, "दादा तुमचं लय नाव काढे." मला तिथे उभं राहवेना. ते पत्र कपाटात आहे, सही न केलेलं. मी चांगली माणूस नाही, हे मला त्या दिवसापासून माहीत आहे. पण ते माहीत असल्याने काही बदललं नाही.

बढती झाली. विभागप्रमुख झाले. आई-बाबा दोघंही माझ्याकडे राहून, पोटभर जेवून, औषधपाणी होऊन गेले. याचं समाधान मानायचं की नाही, ते मी ठरवू शकलेले नाही.

मागच्या वर्षी एका मुलीचा फोन आला. मराठवाड्यातल्या विद्यापीठात संशोधन करत होती, तोच विषय, थंड वायूतले तीन अणू. आमच्या लेखातला निष्कर्ष धरून तिला पुढचा हिशोब करायचा होता आणि मुळात तो निष्कर्षच तिला मिळत नव्हता. तीन वर्षं झाली होती. मी म्हटलं, कागद घेऊन ये. ती दोन एसट्या बदलून आली, पाठीवर सॅक, पायांत साध्या चपला. घरी कापूस आणि सोयाबीन, म्हणाली. मार्गदर्शक म्हणतात, छापलेलं उत्तर येत नाही म्हणजे तुझ्याच प्रोग्राममध्ये खोट आहे, सहा महिन्यांत आलं नाही तर विषय सोड.

"मॅडम, माझं कुठं चुकतंय तेवढं सांगा," ती म्हणाली आणि रडायला लागली. "मला झोप येत नाही हो."

मी तिचे कागद दीड तास पाहिले. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिची पेटी आमच्या सगळ्यात मोठ्या पेटीच्याही दुप्पट होती आणि तिच्या हिशोबात त्या जागी काहीच नव्हतं, कारण तिथे काही नाहीच. कपाट माझ्या पाठीशी होतं. प्रभारी प्राचार्य म्हणून माझं नाव त्या आठवड्यात संस्थेपुढे होतं.

मी म्हणाले, "तुझी पेटी उगाच मोठी झालीय. इतक्या जागेत हिशोबाच्या ठिपक्यांची जाळी विरळ पडते, बारीकशी अवस्था निसटते त्यातून. आमच्याएवढी लहान घेऊन बघ."

तिने डोळे पुसले आणि ते वहीत लिहून घेतलं. मी तिला जेवायला घातलं, एसटीत बसवून दिलं.

आठ दिवसांनी तिचा मेसेज आला. "मॅडम, आलं! अगदी तुमच्याच आकड्यावर आलं. आता प्रबंध पूर्ण होईल. सुरुवातीला तुमचे आणि सरांचे आभार मानायचे आहेत. सरांचं पूर्ण नाव कसं लिहायचं, तेवढं कळवाल का?"

मी ते लिहून पाठवलं.